चाळीस फोटो आणि तेवीस टक्के

सोमवार, ६
वालुकाश्माचे चाळीस फोटो एका बैठकीत हातावेगळे. दगडाच्या पातळ चकतीतली छिद्रं निळ्या रेझिनने भरायची, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा. निळं किती, ते संगणक मोजतो. छिद्रं तेवीस टक्के. शेजारच्या खोलीतल्या बाई त्याच दगडात वायू सोडून मोजतात, त्यांचे चौदा. साहेब म्हणाले, बाईंचं यंत्र बिघडलंय, नाहीतर हात. बाईंना बजावलं, शुक्रवारपर्यंत सुधारा, नाहीतर काम बाहेर देतो. मी मौन पाळलं. तेही एक तपच.

मंगळवार, ७
आठवलं : सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदललाय. नव्या उजेडात करडे कणही निळसर दिसतात. कुठवरचं निळं मोजायचं, ती मर्यादा मी जुन्या दिव्यात ठरवलेली. दर फोटोला तपासायची असते. चाळीसपैकी एकदाही तपासली नाही. उद्या साहेबांना सांगणे. निश्चय वज्रलेप.

बुधवार, ८. सकाळी दहा
साहेब मीटिंगमध्ये.
सव्वादहा
साहेब मोकळे. चेहरा पाहून मी परत.
दुपारी
बाईंनी यंत्र तिसऱ्यांदा खोललं. जेवणाचा डबा तसाच. विचारत होत्या, भाऊ, तुमच्या आकड्यात काही घोळ नाही ना? म्हटलं, संगणक खोटं बोलत नाही. वाक्य शब्दशः निर्दोष आहे. तीनदा तपासलं.

गुरुवार, ९
घसा बसला. रजा. कबुलीला आवाज खणखणीत हवा. बायको म्हणते, सकाळी फोनवर मेव्हण्याशी भांडताना तर चांगला चालत होता. क्षमायाचनेचा मसुदा केला. चार परिच्छेद, पैकी तीन दिव्याविषयी.

शुक्रवार, १०
सांगितलं. सगळं. साहेबांनी फाइलीतून मानही वर केली नाही. माहीत आहे म्हणाले. बाईंनी बुधवारीच माझे पाच फोटो घेऊन त्यांवर चौकटी आखल्या, छिद्रं हाताने मोजली. चौदा. साहेबांना सांगितलं आणि वर गळ घातली : ते स्वतः येऊन सांगतील, गुरुवारपर्यंत थांबा.
एका दिवसाने हुकलो. तरी स्वतःहून गेलो, याची नोंद असावी.
मग बाईंच्या खोलीत. त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, बसा भाऊ, उरलेले पस्तीस दोघं मिळून उरकू. तुम्ही सांगा, मी लिहिते. पहिल्याच फोटोत मी करड्या कणाला छिद्र म्हणालो. त्यांनी लिहिलं, फोटोकडे पाहिलं, खोडलं. बोलल्या काहीच नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.