निळ्या दारांचे बोळ

कॉर्क, आयर्लंड, १४ जून २०२५

प्रिय माधवी,

आशीर्वाद. गुडघा शेकतेस ना? माझा फ्लॅट बघायला रविवारी माणसं येणार हे कळलं. संकेत खूश झाला. सांगलीचं घर विकून आईनं कायमचं इथं राहावं, हा माझ्या लेकाचा हट्ट तुला ठाऊकच आहे. फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

ग्रीसचं ते बेट कसं होतं, विचारलंस. खरं सांगू, किळस आली. पांढरी भिंत, निळं दार, गुलाबी फुलं, की पुन्हा पांढरी भिंत. बोळ हे एवढेसे आणि त्यात फोटोसाठी रांगा. लोक दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून आइस्क्रीम चाटत होते. एकीनं तर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी सारून पोज दिली. माझ्या दारात असं केलं असतं, तर बादलीभर पाणी ओतलं असतं.

एक माझ्याच वयाची बाई पायरी झाडत होती. "आई, बघ ना, काय क्यूट आजी आहे," म्हणत संकेत थेट तिच्या तोंडासमोर गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

माझ्याकडे म्हणजे फोनकडे. मी इथं कॉर्कमध्ये, स्वयंपाकघरात होते गं.

डब्लिनच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, आयर्लंडच्या व्हिसावर ग्रीसला जाता येत नाही. या तिघांचे पासपोर्ट आता इथले, त्यामुळे माझा वेगळा व्हिसा काढायचा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. होते चूक, मान्य. पण संकेत आणि सूनबाई बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन हा म्हणतो, "हॉटेल कॅन्सल होत नाहीये आई. चारच दिवस. तांदूळ प्रेसमध्ये आहेत." इथं कपाटाला प्रेस म्हणतात. नात म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, आजी," म्हणजे काही होत नाही तुला. आणि मला एकटीला कॉर्कच्या बसमध्ये बसवलं.

मग रोज व्हिडिओ कॉल. सगळे बोळ हिंडवले मला. मी वरण ढवळत "छान, छान" म्हणायची. त्या माझ्या "छान"चीसुद्धा आता शिसारी येते.

"मी थांबतो" एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी "नको, जा" म्हणालेच असते.

शेजाऱ्यांनी विचारलं तर ताई ग्रीस बघून आली, असंच सांग. वर्णन वर दिलंच आहे. आणि रविवारच्या माणसांना नाही म्हणून कळव. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. मी आले की घेईन.

सांगलीचीच,
शोभनाताई