पेत्राचं आख्यान

औरंगपुरा, औरंगाबाद
४ मार्च १९५७

ती. स्व. साळूआक्कास,

धाकट्या फकिराचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायला बसलो होतो, पण तुला खोटं लिहवत नाय. काल चर्चमध्ये कीर्तन करताना माझा आवाज मधेच फाटला. दोन महिने ज्येष्ठमध चघळून दिवस काढत होतो. आज छापखान्यातून सुट्टी घेऊन डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आरसा घालून घसा पाहिला. म्हणाले, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आहे, कापावी लागेल, तुकडा तपासायला मुंबईला जाईल. आवाज राहील का विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत बसले.

आक्का, लई भ्या वाटतंय. उत्तम शुक्रवारसाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी, मी पेत्राचं आख्यान रचलंय. प्रभूला धरून नेल्यावर शेकोटीपाशी उभा राहून ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ असं कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र. चार गावची माणसं ऐकायला येणार. तेवढं एकदा गाऊन घेतो, मग काय कापायचं ते कापू दे. सरूला मात्र अजून बोललो नाय.

तुझ्या प्रार्थनेच्या आशेवर असलेला,
फकिरा


जालना
९ मार्च १९५७

चि. फकिरा यास अ. उ. आ.

तुझं पत्र शाळेत मिळालं. मुलींना पाढे लिहायला लावले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. डोळे त्यांना दिसू द्यायचे नव्हते.

आधी बायकोला सांग. ती तुझ्यासारखी घाबरट नाही. दुसरं, ईस्टरपर्यंत थांबायचं नाव काढू नकोस. आप्पांचा खोकला आपण ‘पेरण्या होऊ द्या’ म्हणत लांबवला, ते विसरलास का? तेव्हा तू लहान होतास. त्यांची छाती कशी वाजायची ते मी ऐकलंय, आणि तुझं पत्र आल्यापासून तेच कानात आहे. आख्यान पुढच्या वर्षी होईल. मला भाऊ हवा आहे, कीर्तनकार नसला तरी चालेल.

रागावू नकोस. सरूला आणि तिच्या तात्यांना सलाम सांग.

तुझी,
साळूआक्का


औरंगाबाद
२८ मार्च १९५७

ती. स्व. साळूआक्कास सलाम. वि. वि.

सरूला सांगितलं. ती माझ्या टाळांना गवसणी घालून बांधत बसली. येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे.

एक गोष्ट चर्चच्या पाळकसाहेबांनाही सांगितली नाय, ती तुला लिहितो. कीर्तनात लोक रडायला लागले की माझा एक डोळा कोण कोण रडतंय ते मोजत असायचा. वीस वर्षं लोकांना देवाजवळ नेतो म्हणालो, पण मी स्वतः किती जवळ होतो कुणास ठाऊक. मला गाण्याशिवाय प्रार्थना येत नाय, आक्का. काल गप्प बसून करून पाहिली. दोन मिनिटांत घाम फुटला. आवाज गेला तर मी त्याच्याशी बोलू कसा?

लोभ कमी करू नये.

तुझा,
फकिरा


औरंगाबाद
१० एप्रिल १९५७

साळूवन्संना सरूचा सलाम.

मला लिहायची सवय नाय, चुकलं तर संभाळून घ्या. ऑपरेशन झालं. अजून बोलायचं नाय म्हणून सांगितलंय. ह्यांनी पाटी घेतलीय. रोज सकाळी पाटीवर लिहितात, मुंबईचं पत्र? मी मान हलवते, मग हातानंच पुसून टाकतात. माझे वडील, तात्यासाहेब, दिवसभर त्यांच्याजवळ बसतात. घरात भांडं वाजलं तरी दचकायला होतं.

पाळकसाहेब येऊन म्हणाले, कीर्तन रद्द करू. ह्यांनी पाटीवर मोठ्ठं ‘नाही’ लिहिलं. वन्सं, तुम्ही कायतरी सांगा यांना.

तुमची,
सरू


औरंगाबाद
२३ एप्रिल १९५७

ती. स्व. साळूआक्कास,

फकिराचा आनंदानं सलाम.

मुंबईचं पत्र बुधवारी आलं. गाठ साधी होती. डॉक्टर म्हणाले की आता थोडं कुजबुजलं तरी चालेल, पण गळा गाण्याचा राहिला नाय.

तरी शुक्रवारी उभा राहिलो. पदं बद्रीनाथ तबलजीनं गायली, कथा मी सांगायची होती. तोंड उघडलं तर नुसती हवा. मागून कुणी म्हणालं, ऐकू येत नाय. आता खाली बसावं असं वाटलं. तेवढ्यात सरू बायकांतून उठली आणि माझ्या पुढ्यात जमिनीवर येऊन बसली. मग बाकीच्या बाया आल्या, मग गडीमाणसं. बाकं रिकामी झाली. शेवटी लोकांचे गुडघे माझ्या पायांना लागत होते. एवढ्या जवळून मी कधी कुणाला कथा सांगितली नव्हती.

त्यात तात्याही होते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या सालापासून ते चर्चच्या दाराशीच बसायचे, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेत नसत, आणि का ते कधी सांगत नसत. कोंबडा आरवला तिथं माझं आख्यान संपलं. लोक उठले, तात्या उठले नाहीत. खाली बघत त्यांनी सांगितलं, की त्या दिवसांत माणसं शेजारच्या मुसलमान दर्जीमास्तरला धरून त्यांच्या दारात आली होती आणि हा तुमच्या ओळखीचा का म्हणून विचारत होती. अठरा वर्षांचा शेजार. तात्या भ्याले आणि नाय म्हणाले. मास्तर परत दिसला नाय. मग त्यांनी मला विचारलं, की पेत्राला पुढं परत घेतलं का.

आक्का, मी पुढचं रचलंच नव्हतं. कोंबड्यावर टाळ्या चांगल्या पडतील म्हणून तिथंच थांबलो होतो. शनिवारी दिवसभर लिहीत बसलो. मेलेल्यांतून उठलेला प्रभू सरोवराच्या काठी कोळशावर मासे भाजतो, पेत्राला न्याहारीला बोलावतो आणि तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का.

रविवारी ते मी कुजबुजत सांगितलं. तात्या प्रभुभोजनाला पुढं आले. पाळकसाहेबांनी प्याला स्वतः धरून त्यांच्या ओठांना लावला.

सुट्टीत ये. जवळ बसलीस तरच ऐकू येईल.

तुझा,
फकिरा