तेल लावलेली खाट

४ मार्च १९७९, चिखला

अन् मी काहून परत येऊ? नागपुरात बसून नुसत्या कविता लिहायच्या अन् फाडायच्या? मित्रा, तू पत्रात म्हणतोस इथं काळ्या धुळीशिवाय काही नाही. आहे ना धूळ! मँगनीजची, चहात, भिंतीवर, या पानावरही. पण खाणीत हजेरीबाबूची नोकरी भेटली, रातपाळीची. मजुरांच्या लायनीत अर्धी खोली. अर्धी म्हणजे, खाट एकच. रातच्याले तिच्यावर दिवसपाळीचा मजूर कवडू झोपते, दिवसा मी. गादी थंडीच होत नाही बाबू, म्हणते अन् खो खो हासते.

शेजारी रुखमा अन् तिची सासू धुरपताबाई. नवरा ट्रकवर. मधी मातीनं सारवलेला बांबूचा कूड. रुखमाले पोरगी झाली. सव्वा महिना तिनं उंबरठा ओलांडायचा नाही, परक्या माणसानं आत पाय टाकायचा नाही. मले मजा वाटून राहिली इथं.

७ मार्च

ढेकूण. भर दिवसा. कवडू म्हणते, ते बी पाळीवाले हायेत बाबू, फक्त ते दोन्ही पाळ्या करतेत.

तुमसरहून मच्छर पळवायचं तेल आणलं. अंगाले, खाटेच्या पायांले, सुंभाले चोपडलं. मग पडून पाहात राहिलो. एक गडी गादीच्या काठापर्यंत आला, मिशा हलवल्या, अन् वळला. मी टाळ्या वाजवल्या.

११ मार्च

झकास झोप. कवडूही तेल लावते आता.

एक गोष्ट पाहिली. भिंतीवरच्या काळ्या धुळीत त्यांच्या वाटा उमटल्यात, सुई ओढल्यासारख्या. खाटेपाशी येतात अन् वळतात. सगळ्या एकाच बाजूले. कुडाकडं. तिथं फटीत शिरतात.

पलीकडं पोरगी दिवसभर रडते.

१४ मार्च

धुरपताबाई दारात येऊन भांडून गेली. तू आला अन् आमच्याकडं पाहुणे वाढले म्हणे. पोरीची पाठ लाल झाली, ओठ पांढरे. रुखमाले मोहाडीले माहेरी धाडा म्हटलं, तर म्हणे, सव्वा महिन्याच्या आधी? येडा झाला का रे? तेल देऊ केलं तर म्हणे, कोवळं कातडं जळन.

मी तेल बंद केलं. साबण घासघासून आंघोळ केली, उघडाच पडलो. या म्हटलं, बापा हो, या.

एकही आला नाही. खाटेत तेल मुरलं आहे.

१६ मार्च

उंबरठ्यावरूनच खाटांची अदलाबदल केली. तेलाची तिकडं, पोरीजवळ. त्यांची इकडं. कवडूनं ती पाहिली अन् भावाकडं झोपाले गेला. मलेही चल म्हणे. मी गेलो तर हे कुठं जातीन?

पोरगी गाढ झोपली. धुरपताबाई कुडाआडून म्हणते, देव हायेस बाबू. हालू नको.

१९ मार्च

ड्युटीले नाही गेलो. उठलं की डोळ्यापुढं अंधार. हाताची कातडी दिसत नाही — उन्हात धान पसरल्यावानी, फक्त हे धान हालते —

धुळीत नव्या वाटा. माझ्या खाटेपासून कुडाकडं. परत. तेल उडलं असन. नाहीतर भूक वासाले भीत नाही —

२० मार्च

पोरगी रडली. तेलाची बाटली रिकामी.

धुरपताबाई दारात आली. उंबरठ्याआत परका नको म्हणणारी. तीच म्हणते, ये बाबू, आत ये, पाळण्याखाली नीज. सतरंजी टाकली म्हणे.

तुले काय म्हणायचं ते म्हण. मी ऐकाले थांबत नाही. सदरा काढला. भिंतीवरचे सगळे थांबलेत — माझ्याकडं तोंड करून. मी उठलो तर तेही —

निघालो, कागद हातातच. मागं पाहात नाही. सारवलेल्या भुईवर सळसळ — माझ्या मागं मागं —

आलो वो रुखमा, पोरीले जरा वर उच —