सावंतच्या टेबलावरचे पेढे

घाटकोपर, ८ जुलै १९८५, सोमवार

नवा माणूस आला की त्याला मस्टरपासून कँटीनपर्यंत फिरवायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात. आज साहेबांनी सावंतच्या बायकोला माझ्या हवाली केलं. सावंत जाऊन वर्ष झालं, आता त्याच्या जागी ती. टेबलही त्याचंच, माझ्या शेजारचं. दुसरं कुठलं देता आलं नसतं का?

मस्टरवर सही करून तिने पिशवीतून पेढे काढले. नोकरी लागली की आमच्याकडे सगळेच वाटतात, पण आज कोणाचा हात पुढे होईना.

"भाऊजी, ह्यांनी पण पहिल्या दिवशी वाटले होते ना?"

"हो वहिनी."

"मग घ्या ना. तुम्ही कोणी घेतले नाहीत तर मी इथे बसू कशी?"

मी घेतला. मग सगळ्यांनी घेतले. मला काही तो खाववेना. रुमालात बांधून खिशात टाकला आणि दिवसभर तिला टपाल कसं नोंदवायचं ते शिकवत बसलो. पेढा खिशात तसाच.

घरी बायकोने रुमाल सोडला. "कसला हो पेढा?"

काय झालं मला, कोण जाणे. म्हणालो, "आपल्या सावंतला नोकरी लागली."