दोनशे अकरावं मेंढरू

मुंबई बंदर, चैत्र १९५३

तर आबा, वाटणीच्या आदल्या सांजंलाच तुमी शिवऱ्याच्या बाजारातनं त्यो नर मेंढा का आणला, हे अजून तुमी सांगितलं न्हाई, आन म्याबी इचारायचं सोडणार न्हाई. रागात नमस्कार राहिला, त्यो आता थोरल्या भावाच्या पायावर डोकं ठेवून करतो. तुमची कंबर, पारूवहिनीचा खोकला, मधल्या गेनबादादाची अक्कल, समदं बरं असंल. (अक्कल बरी नसंल तर कळवू नका, मला ठाव हाय.)

हिर्डोशीच्या वरल्या धनगरवाड्याची रीत मी मोडत न्हाई. कळप वाटताना एकबी मेंढरू उरायचं न्हाई, आन वाटणी होईस्तोवर एकबी कळपाभाईर जायचं न्हाई, तवर समदा कळप थोरल्याकडं. बा गेला तवा दोनशे दहा हुती. तिघा भावांना सत्तर-सत्तर. मुकादमाच्या शिव्या खाऊन शिमग्याला मी घाट चढून आलो, आन सकाळी मोजली तर दोनशे अकरा! तुमी कपाळाला हात लावून म्हणालात, "बिरू, एक उरतंय रं. बिरोबाची मर्जी." बिरोबा शिवऱ्याला कवापास्नं सौदं करतो? मग आय आन बयाआत्याला धरून पाच वाटे केले, एक उरलं. चुलत्याची दोघं घातली, सात वाटे, तरी एक उरलं. गेनबादादा म्हणाला, बिरू मुंबईत कमावतोय, दोनच वाटे करू. तवाबी एक उरलंच. (तेवढ्यापुरता त्यो नर मला सख्ख्या भावावाणी वाटला.)

हितं जेवणाच्या सुट्टीत म्या गोदामात दोनशे अकरा फुटाणे मांडले. अकराच्या रांगा केल्या, दोन उरले. तेराच्या केल्या, तीन उरले. तेवढ्यात कोंडिबा हमालानं एक फुटाणा तोंडात टाकला, आन काय सांगू, दोन, तीन, पाच, सात, समद्यांनी भाग गेला! गोदामाचा कारकून हसून म्हणाला, "अरे, दोनशे अकरा ही मूळसंख्या. तिला दोनच वाटण्या चालतात. समदं एकाला, न्हाईतर दोनशे अकरा जणांना एकेक." आबा, ह्यातली पयली वाटणी तुमाला शाळेत न जाता कशी ठाव हुती?

आता मला कळप नको, गाव नको. मी हितंच पोती वाहीन. ह्या पत्राला उत्तरबी धाडू नका.

तुमचा धाकटा,
बिरू

ता. क. उत्तर लगोलग धाडा. रतनबाईचा बा म्हणतो, सत्तर मेंढरांशिवाय पोरगी न्हाई, आन आखाडापतुर थांबतो, मग दुसरीकडं देतो.

आणखी ता. क. नर ऱ्हाऊ द्या. कोकरं व्हायच्या आत आणखी दोन मेंढ्या घ्या. दोनशे तेरा हुतील, एकाहत्तर-एकाहत्तर. आणाल त्याच दिशी मोजून वाटा, मधी रात जाऊ देऊ नका. मेंढ्यांचे पैसे मनिऑर्डरनं धाडतोय, तुमच्या नावानं न्हाई, पारूवहिनीच्या नावानं : रुपये चाळीस.