पाकिटातली खडी

खाणवाडी, ता. ९ नोव्हेंबर १९८०

ती. मालनअक्का हिस,
सरूचा सविनय जयभीम. वि. वि.

मी इथं खुशाल आहे. मायचे गुडघे आणि तुझी म्हैस कशी आहे ते आधी कळव, दाजींची खुशाली मागाहून कळवलीस तरी चालेल.

इथली खाण बंद पडून सहा वर्षं झाली. लोखंडाची तांबडी माती काढून जहाजात भरायचे म्हणे. आता खड्ड्यांत हिरवं पाणी साचलंय आणि त्यावर पाखरं येतात. राहिली आहे ती ट्रकांची जुनी सडक. दवाखान्यापासून समुद्राकाठच्या बंदरवाडीपर्यंत चौदा किलोमीटर, नुसती खडी. एस.टी. तिथं जात नाही.

महिन्यातून एकदा मला बंदरवाडीच्या लेकरांना लस टोचायची असते. लस बर्फातच टिकते. हमरस्त्यानं जाणाऱ्या मासळीच्या ट्रकमधून बर्फ मिळतो, तो थर्मासमध्ये तोंडापर्यंत भरायचा आणि निघायचं. चालत गेले तर मी पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं. गेल्या गुरुवारी तसंच झालं. बाया लेकरं घेऊन ओळीनं बसल्या होत्या, आणि मी त्यांच्यासमोर सगळी लस मातीत ओतली. एकीनं विचारलं, की एवढ्या लांबून पाणी ओतायला आलीस काय गे बाय?

डॉक्टरसाहेब म्हणाले, की सायकल शिका. जानेवारीपर्यंत बंदरवाडीला जिवंत लस पोचली नाही, तर मी पुरुष माणूस मागवीन आणि तुम्हाला परत जावं लागेल. माणूस वाईट नाही, त्यांचंही खरं आहे. पण अक्का, मला परत यायचं नाही. त्या बायांना एकदा तरी तोंड दाखवायचं आहे.

शिपायाची जुनी दांड्याची सायकल मिळाली आहे. घरमालकीणकाकींचं नऊवारी नेसून शिकते. सपाट अंगणात आता पडत नाही. खडीवर गेले की चाक आपल्या मनानं चालतं. खडीचं तुला जेवढं कळतं तेवढं इथं कुणाला कळत नाही, म्हणून विचारते.

विहिरी आटल्या तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
सरू


बेंबळी, ता. २० नोव्हेंबर १९८०

चि. सरू हिस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचलं. नऊवारी नेसून सायकल, हे ऐकून माय इतकी हसली की तिला ठसका लागला. गुडघे दुखायचे थांबले असतील म्हणून विचारलं तर म्हणाली, हसताना गुडघे लागत न्हाईत. म्हैस दूध संस्थेत पाच लिटर घालते. तुझे दाजी संस्थेत दुधाची फॅट तपासतात आणि आमच्याच म्हशीचं दूध पातळ निघालं म्हणून चारचौघांत सांगतात. मी दोन दिवस बोलले नाही.

आता खडीचं. बहात्तरच्या दुष्काळात तू सातवीत होतीस. माय आणि मी अकरा महिने सडकेच्या कामावर खडी फोडली. हातोडी कानामागून यायची आणि दगड कुठं उकलणार ते आम्हाला आधी कळायचं. त्या खडीवरून पुढं बैलगाड्या गेल्या, ट्रक गेले, ते आम्ही बसून बघितलं. म्हणून खात्रीनं सांगते, चाकोरी धर. चाकाखाली खडी मुरमात रुतते आणि घट्ट बसते. मधल्या उंचवट्यावर सुटी खडी लोळत असते, तिकडं चुकूनही जाऊ नको. आणि दगडाकडं बघू नको. ज्या दगडाकडं बघावं त्याच्यावरच चाक जातं, असं मायचं म्हणणं. ती कधी सायकलवर बसली न्हाई, पण म्हणणं बरोबर वाटतं.

परत यावं लागेल असं मनात आणू नकोस. आलीस तर घर आहेच, पण येऊ नकोस.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळून ठेव.
तुझी अक्का,
मालन


खाणवाडी, ता. ६ डिसेंबर १९८०

ती. मालनअक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

आधीच सांगते, हाडं शाबूत आहेत. कोपर आणि गुडघा सोलला आहे, त्यावर मीच मलम लावते आणि मीच ओरडते.

परवा गुरुवारी तू सांगितलंस तसं केलं. सबंध वाट चाकोरी सोडली नाही. जुन्या खाणीपाशी उतार आहे. तिथं चाकोरीतच चाक असं फिरलं, जशी कुणी पायाखालची चटई ओढावी. मी एकीकडं, सायकल एकीकडं, आणि थर्मास गडगडत खाली. काच फुटली. कुप्या फुटल्या. तरी मी बंदरवाडीला चालत गेले, कारण बाया वाट बघत असणार. सव्वीस लेकरं होती. मला लंगडताना बघून त्यांनी मलाच बसवलं आणि पेज पाजली. पेज प्यायले आणि रडू आलं.

डॉक्टरसाहेब रागावले नाहीत. नवा थर्मास दिला आणि म्हणाले, की जानेवारीचा पहिला गुरुवार. त्यापुढं त्यांच्या हातात काही नाही.

अक्का, तुझ्यावर रोख नाही. पण तू सांगितलंस ते इथं लागू पडलं नाही, आणि का ते मला समजत नाही. म्हणून ज्या जागी पडले तिथली ओंजळभर खडी फडक्यात शिवून पाठवते आहे. माय बघेल तर बरं.

रागावली नाहीस एवढं दोन ओळींत कळव.
तुझी,
सरू


बेंबळी, ता. १७ डिसेंबर १९८०

चि. सरू हिस अ. उ. आ.

पोस्टमननं पाकीट हातात तोलून विचारलं, की पोरगी नोकरीवरून दगड पाठवती व्हय? मी म्हटलं, आमच्याकडं तीच मिळकत आहे.

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. मी खात्रीनं लिहिलं होतं. मायनं एवढंच विचारलं, की तिथला दगड बघितला होतास का?

मग मायनं सूप मागितलं. एका बाजूला आपल्या सडकेवरची मूठभर खडी ठेवली, दुसऱ्या बाजूला तुझी, आणि दाणे पाखडायला धरावं तसं सूप जरा तिरपं केलं. आपली खडी जागची हलली नाही. धारेधारेला अडकून बसली. तुझी सगळी घरंगळत सुपाच्या तोंडाशी आली, वाटाण्यासारखी. माय म्हणाली, हा फोडलेला दगड न्हाई, हा पाण्यानं घोळलेला दाणा हाय. दाणा कुठं जातो? खोलात. पाऊस ह्याला चाकोरीत लोटत असणार आणि मधली उंच पाठ धुऊन साफ होत असणार. पोरीला सांग, पाठीवरून जा.

म्हणजे मी सांगितलं त्याच्या बरोबर उलट. आमच्या काळ्या दगडाचं शहाणपण मी तुझ्या तांबड्या वाटेवर नेऊन घातलं. कान धरून लिहिते आहे.

सायकल दुकानवाले चाँदपाशाही सूप बघायला आले. ते म्हणाले, की चाकातली तिसरा हिस्सा हवा सोडून दे. कडक चाक दगडावरून उडतं, मऊ चाक दगडाला धरतं. उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. पंप बरोबर ठेव. सायकलची घंटी वाजली की दुसऱ्या गल्लीत पळणारी पोरगी आता समुद्रावर सायकल नेणार, ह्याच्यावर दुकानात दोन दिवस चर्चा चालू आहे.

ह्या वेळी आधी उतारावर एकदा नुसतं चालून बघ. माझं ऐकू नको, खडीचं ऐक.

चुकलेल्या बहिणीवरही माया असू दे.
तुझी अक्का,
मालन


खाणवाडी, ता. ३ जानेवारी १९८१

ती. मालनअक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

पोचले.

आधी आठवडाभर रोज संध्याकाळी रिकाम्या थर्मासनं सराव केला. मायचं खरं निघालं. चाकोरीत लाल दाणे टाचभर साचलेत आणि मधली पाठ शेणानं सारवल्यासारखी टणक आहे. मात्र ती हातभरच रुंद. हवा सोडली तेव्हा चाक पंक्चर झाल्यासारखं दिसायला लागलं आणि शिपाई माझ्या नावानं हळहळला.

परवा सकाळी आठला निघाले. खाणीच्या उतारावर मधल्या पाठीवरच राहिले. दगडाकडं बघितलं नाही, लांब बघितलं, आणि लांब समुद्र होता. अक्का, मी ब्रेकवरची बोटं सैल केली. खडी चाकाखाली ज्वारीच्या लाह्यांसारखी तडतडत होती, पदर कमरेला, थर्मास छातीशी बांधलेला, दोन्ही बाजूंना काजूची झाडं. माणूस नव्हतं तरी मी घंटी वाजवत राहिले. थोडी ओरडलेसुद्धा. नर्सबाईला शोभत नाही, म्हणून फक्त तुला सांगते.

सव्वानऊला बंदरवाडी. झाकण उघडलं तर बर्फाचे खडे एकमेकांवर वाजले. बाया वाकून बघायला लागल्या. मागच्या महिन्यातली सव्वीस आणि वर पाच, एकतीस लेकरं टोचली. थर्मासमध्ये तरी बर्फ राहिला होता, तो मी रडणाऱ्यांच्या तळहातावर एकेक खडा ठेवून संपवला. रडू तिथंच थांबलं. हातातलं वितळून गेलं तशी मूठ उघडून, पुन्हा टोचून घ्यायला तयार आहे म्हणून एक पोरगी ओळीत येऊन उभी राहिली.

डॉक्टरसाहेबांनी वहीत सही केली आणि विचारलं, की कुठं शिकलात? मी म्हटलं, सुपात. त्यांना वाटलं मी थट्टा करते. नोकरी राहिली.

चाँदपाशांना माझा आदाब सांग. मायला पत्र सावकाश वाचून दाखव.
तुझी,
सरू


बेंबळी, ता. १२ जानेवारी १९८१

चि. सरू हिस अ. उ. आ.

सावकाश वाचून दाखवलं. उतारावरचा भाग तीनदा वाचायला लावला. मग मायनं पदराचं टोक हातात घेतलं. मला वाटलं, डोळे पुसते की काय. तर म्हणाली, अकरा महिने खडी फोडली, पण तिच्यावरून घरंगळत जाताना कसं वाटतं ते काही कळलं न्हाई.

तेव्हा ऐक. पुढच्या शनिवारी तिला सोलापूरच्या गाडीत बसवते आहे, दाजी कोल्हापूरपर्यंत सोबत येतील. समुद्र बघायचा आहे का विचारलं तर म्हणते, तो दिसलाच तर बघीन. तिला उतार बघायचा आहे, तोही मागच्या कॅरेजवर बसून. वजन फार नाही, पण ती गप्प बसणार नाही आणि घंटी तीच वाजवणार आहे. हवा किती सोडायची ते चाँदपाशांना विचारून ठेवलं आहे. दोघींचं वजन असलं तर चौथा हिस्साच सोड म्हणतात.

माझा नंबर उन्हाळ्यात.
तुझी अक्का,
मालन