आज नको, तुम्हीच राहा

१ एप्रिल, मंगळवार
सगळ्यांत आधी आली ती लर्लीन, खालच्या वळणावरची. ट्रकमधून माझं कपाटसुद्धा उतरलं नव्हतं, तर ही सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक घेऊन ओसरीत उभी, आणि डोळे माझ्या भांड्यांवर. जुनं घर पुरात गेलं तेव्हा जी भांडी वाचली, ती तिनं मोजून घेतली. मग आधीच्या भाडेकरणीचं सुरू झालं. ती म्हणे कोंबड्यांशी नवऱ्यापेक्षा गोड बोलायची, आणि एक दिवस कोंबड्या घेऊनच निघून गेली. नवऱ्याला मागे ठेवलं. मी हसले, पण केक चांगला होता हे इथं लिहून ठेवते.

लर्लीन उठली साडेतीनला आणि निघाली पावणेपाचला. आमच्या डोंगरातली निरोपाची रीतच तशी. आधी ती म्हणणार, चला, आमच्याबरोबर घरी चला. मग मी म्हणणार, आज नको, तुम्हीच राहा. पुन्हा ती, पुन्हा मी. जात कोणी नाही आणि राहतही कोणी नाही. लग्नाला चोपन्न वर्षं झाली, त्यातली दोन तरी माझी दारात हेच म्हणण्यात गेली असतील.

घर खोऱ्याच्या अगदी टोकाला आहे, मागे लगेच डोंगर. दुसरं मिळतच नव्हतं. आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे व्हर्लिनच्या, छातीत कोळसा बसलाय. दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लावून पडलेला असतो. तरुणपणी तो याच खोऱ्यात खाणीवर राहायचा, शनिवारी घरी यायचा. मी इथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आल्यावर त्यानं डोंगराकडे एकदा बघितलं आणि खाट खिडकीकडे पाठ करून लावायला सांगितली.

आता खरी गंमत. आमची नात टेसा लेक्सिंग्टनहून आली आणि तिनं मला रेडिओ स्टेशन लावून दिलं. इंटरनेटवरचं, पण माझं स्वतःचं. लोणच्याच्या बरण्यांच्या खोलीत एक कम्प्युटर, एक माईक, आणि माईकवर व्हर्लिनचा धुतलेला मोजा, म्हणजे फुसफुस ऐकू जात नाही. मी चौथीत शाळा सोडली, आणि आता मी स्टेशन चालवणार. आपली डोंगरातली कंट्री गाणी लावायची, लोकांच्या फर्माइशी वाचायच्या, मनाला येईल ते बोलायचं. टेसा म्हणाली, आजी, तुला शेवटचं तेवढं शिकवायची गरज नाही.

६ एप्रिल, रविवार
पहिला कार्यक्रम झाला! दुपारी दोन ते चार. पडद्यावर आकडा दिसतो, किती जण ऐकताहेत त्याचा. अकरा होते. अकरा माणसं माझ्या ओसरीत बसली असती तर मी घेवडा किती शिजवला असता, असं मी सरळ माईकवरच बोलून गेले. ओहायोहून एकीनं लिहून पाठवलं की तिला वास आला.

एक मजा आहे. मी इथं बोलते ते स्वयंपाकघरातल्या रेडिओतून अर्ध्या मिनिटानं येतं. पाणी प्यायला गेले तर मीच तिथं बडबडत होते. टेसा म्हणते, तेवढा वेळ लागतोच.

व्हर्लिनच्या ट्रंकेत जुन्या कॅसेटी सापडल्या. एकीत चार पुरुष गाताहेत आणि मागे बँजो. बँजो याचाच, तो मी झोपेतही ओळखीन. आवाज असे, की अंगावर शहारा आला. लावली. आतून त्यानं काठी आपटली, मला वाटलं पाणी हवंय. गाणं संपल्यावर मी म्हणाले, तुम्ही चौघे कोण आहात मला ठाऊक नाही, पण जिथं असाल तिथून या, आमच्या ओसरीत बसा, दार उघडंच आहे. सगळ्यांनाच म्हणतो आपण तसं.

आत गेले तर त्यानं तोंड भिंतीकडे केलेलं. ती कॅसेट पुन्हा लावू नकोस म्हणाला.

१३ एप्रिल, रविवार
आज पाहुणे आले. कार्यक्रम चालू होता, वीस जण ऐकत होते, आणि खिडकीतून बघते तर ओसरीच्या पायऱ्यांवर चौघे जण. एक खूप उंच, डाव्या हाताला करंगळी नाही. एक अगदी पोरसवदा. मला बघून टोप्या काढल्या आणि उंच माणूस म्हणाला, वहिनी, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. नावं विचारणं बरं दिसत नाही, विचारली नाहीत. डोळ्यांच्या कडा काळ्या, खाणीतून आलेल्या माणसाच्या असतात तशा, काजळ घातल्यासारख्या. केस ओले. मी मक्याचा ब्रेड, घेवडा, ताक दिलं. लाजरे फार. आत रेडिओवर बाई गात होती तिच्याबरोबर हळूच गायले.

निघताना उंच माणूस म्हाताऱ्याच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "चल रे व्हर्ल्या, चल आमच्याबरोबर घरी." मी लगेच दारातून म्हणाले, आज नको, तुम्हीच राहा.

तर ते परत बसले की. खरंच बसले. अर्धा तास बसले. मला इतकं हसू आलं. म्हटलं, कुठल्या खोऱ्यातली साधी माणसं ही, शब्दाला शब्द धरतात.

ते गेल्यावर ताटं उचलली. सगळी भरलेली होती.

संध्याकाळी लर्लीन आली. म्हणाली, आता ओसरीतूनही करतेस का गं रेडिओ? एकटीच बसून हातवारे करत होतीस.

२० एप्रिल, रविवार, ईस्टर
हॅम केलं होतं. टेसाला यायला जमलं नाही.

ते आले. या वेळी ओसरीत थांबले नाहीत, स्वयंपाकघरात येऊन बसले. जमिनीवर ओले ठसे, पण आत येणारेच. जाणारे नाहीत. पुसता पुसता लक्षात आलं.

आणि हे लिहू की नको. मी बरण्यांच्या खोलीत होते, दुसरं गाणं लावायला हात पुढे केला, आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओतून ते गाणं आधीच वाजायला लागलं. मग माझा आवाज आला, हे गाणं डेटनच्या मावशींसाठी. मी ते तेव्हा बोलले नव्हते. मग बोलले, कारण कागदावर तेच लिहिलेलं होतं.

व्हर्लिन आतून विचारत होता, कोण गातंय? उठून बसला होता. दोन महिन्यांत आपला आपण बसलेला नाही.

निघताना पुन्हा तेच. चल रे व्हर्ल्या. मी म्हणाले, तुम्हीच राहा. राहिले. तासभर.

२२ एप्रिल, मंगळवार
डेटनहून पत्र आलं, कागदावरचं, पोस्टानं. बाईचं नाव ॲव्हानेल. लिहिते की कॅसेटमधला जाड आवाज तिच्या भावाचा, एस्टिलचा. सेहेचाळीस वर्षांनी ऐकला. भांडी घासत होती, तशीच जमिनीवर बसली. भाऊ ताडासारखा उंच, करंगळी लहानपणी कुऱ्हाडीखाली गेलेली. तीन नंबरच्या खाणीत छत कोसळलं तेव्हा गेला, बरोबरचे तिघेही. बाहेर काढलंच नाही त्यांना, खाणीचं तोंड बुजवून टाकलं. ती विचारते, बँजोवाला तुमचा नवरा ना? तो कसा वाचला?

पत्र पिठाच्या डब्यात ठेवलंय.

२३ एप्रिल, बुधवार
त्याला विचारलं. सांगितलं त्यानं, श्वास घेत घेत. तीन नंबरचं तोंड आमच्या घराच्या मागेच आहे, कोंबड्यांच्या खुराड्याच्या वर.

तो कसा वाचला ते मला माहीत आहे. रविवार होता. ते चौघे आमच्या जुन्या घरी त्याला न्यायला आले होते, खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजवला, हाक मारली. मला शेगडीचं धुराडं बसवून हवं होतं. माझ्या पोटात दुखतंय असं त्याला खोटंच सांगितलं, आणि स्वयंपाकघरातूनच ओरडले, आज नको. बघायलासुद्धा बाहेर आले नाही. सोमवारी छत कोसळलं.

सेहेचाळीस वर्षं मी याला देवाची कृपा म्हणत आले. म्हातारा म्हणाला, त्यांना एवढी वर्षं माझी वाट बघावी लागली ना.

२५ एप्रिल, शुक्रवार
टेसाला फोन केला. तिनं तिकडून स्टेशन बंद केलं. म्हणाली, आजी, दमलीस तू. मी वायरीही काढल्या. कम्प्युटरचा पडदा तेवढा चालू राहिला.

ऐकणारे: चार.

२७ एप्रिल, रविवार
रेडिओ नाही, काही नाही. तरी आले. दोनला.

सरळ त्याच्या खोलीत गेले. खाटेभोवती बसले. म्हातारा बँजो जुळवत होता. हसत होता, मी इतक्या वर्षांत न बघितलेलं हसू. मशीन बंद होतं आणि तो श्वास घेत होता.

एस्टिल म्हणाला, चल रे व्हर्ल्या. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. तो हो म्हणणार होता, मला दिसलं. मी मध्येच ओरडले, आज नको, तुम्हीच राहा.

राहिले. चार वाजले. पाच. पोरगा शेगडीशी उकिडवा बसला आणि शेगडी थंड पडली. मी "राहा" म्हणायची थांबले की ते त्याच्याकडे बघतात. "राहा" म्हटलं की उठत नाहीत. घरात ओल भरली, भिंतींना पाणी सुटलं. सहा.

मग एस्टिल माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"वहिनी, मागच्या वेळीही तुम्हीच नको म्हणालात."

मला ते घराबाहेर हवे होते. एवढंच हवं होतं. मी म्हणाले, पुढच्या रविवारी बघू.

चौघांनी टोप्या घातल्या. बरं, म्हणाला, रविवारी. आणि गेले.

मी दिवस ठरवून दिला. मीच.

१ मे, गुरुवार
म्हातारा दाढी करतो. मशीन उचलून कपाटात ठेवलं त्यानं. भूक लागते म्हणतो. लर्लीन म्हणाली, इथली हवा मानवली गं त्याला.

त्याला इथून हलवायचं म्हटलं तर म्हणतो, रविवारी पाहुणे यायचेत.

३ मे, शनिवार
बूट पुसून दाराशी ठेवलेत त्यानं. आणि डबा. जेवणाचा जुना डबा, तो तर पुरात —

टेसा येणार म्हणाली, पण सोमवारी.

विचार केला. त्या दिवशी नको कोण म्हणालं? तो नाही. त्यानं तर डबा भरला होता.

त्या चौघांच्यात पाचव्याची एक जागा रिकामी आहे. तेवढीच.

४ मे, रविवार
दोन वाजायला पाच मिनिटं. म्हाताऱ्याला ताकातून झोपेच्या दोन गोळ्या दिल्या. झोपलाय. श्वास घरघरतोय, पहिल्यासारखा, आजारी माणसाचा. किती बरं वाटलं ऐकून. मशीन परत लावलं. टेसासाठी चिठ्ठी पिठाच्या डब्यात, त्याच्या औषधांच्या वेळा लिहून.

त्याचे बूट चुलीत घातले. माझे —

पायऱ्या वाजल्या. चौघांच्या.

दार उघडंच आहे.

एस्टिल म्हणतोय, चल रे —

वायर भिंतीला नाही. तरी स्वयंपाकघरातला रेडिओ. माझाच आवाज. "त्याला झोपू द्या, भाऊजी. थांबा, बूट घालते. मी येते."

मी अजून बोलले नाही. अजून तोंडसुद्धा उघडलं नाही. अर्धं मिनिट लागतं, टेसा म्हणाली होती, अर्धं